घुमा की घाबरलेला? अंतर्मुखता आणि सोशल अँक्झायटी

लग्नघरात कुणी हळूच आतल्या खोलीत जाऊन बसलं, की 'घुमा आहे' म्हणून विषय संपतो. पण त्या बसण्यामागे थकवा असू शकतो किंवा धास्ती. दोन्हींत गल्लत झाली की नुकसान होतं.

अंतर्मुखता हा स्वभाव. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये तो सविस्तर मांडला. अशी व्यक्ती हळदीत दोन तास मनापासून गप्पा मारते, मग तिला शांतता लागते. सोशल अँक्झायटी हा मात्र आजार आहे. 'आपलं काही चुकेल, लोक हसतील' ही त्यातली भीती. कित्येक दिवस आधी झोप उडते, ऐन वेळी हात थरथरतात, आणि घरी आल्यावर 'मी असं का बोललो' हे रात्रभर उगाळलं जातं. मित्र हवे असतात, पण पाऊल उचलत नाही. म्हणूनच मुळात बोलक्या माणसांनाही हा आजार होतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. भीती सहा महिने टिकली आणि तोंडी परीक्षा, फोन, मेसमधलं जेवण टळू लागलं, तर तज्ज्ञांना दाखवा.

अंतर्मुखांनी निघायची वेळ आधीच ठरवावी, समारंभात आहेर नोंदवण्यासारखं काम घ्यावं. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मागून दोन मुद्दे लिहून न्यावेत.

भीतीचं गणित वेगळं आहे. प्रसंग टाळला की हायसं वाटतं, आणि 'टाळलं म्हणून वाचलो' हे मनात पक्कं होतं. सीबीटी या, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारात आठ-दहा प्रसंगांना भीतीचे ० ते १०० गुण देतात. तीस-चाळीस गुणांच्या प्रसंगापासून, समजा दुकानात भाव विचारण्यापासून, सुरुवात होते. भीती ओसरेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करायचा. थेट स्टेजवर ढकललं तर भीती उलट वाढू शकते. दुसरी चूक बारीक आहे: मोबाइलमध्ये डोकं घालून प्रसंग निभावला, तर श्रेय मोबाइलला जातं आणि भीती तशीच राहते. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्याही देतात; त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

कुठे जावं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं.