इंग्लंडच्या नायट्रेट-संवेदनशील क्षेत्रात स्लरी टाकण्याचे नियम: कोणाला लागू, कोणत्या नोंदी आवश्यक

इंग्लंडमध्ये गोठ्यातील शेण-मूत्राची स्लरी स्वतःच्या शेतात टाकण्यासाठी दरवर्षी परवाना घ्यावा लागत नाही. मात्र जमीन नायट्रेट-संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे नत्र झिरपून नद्या व भूजल दूषित होण्याचा धोका असलेल्या भागात येत असेल, तर २०१५ च्या नायट्रेट प्रदूषण प्रतिबंधक नियमांनुसार शेतकऱ्याने हिशेब, नकाशा आणि नोंदी स्वतः तयार ठेवायच्या असतात. तपासणीला येणारी सरकारी पर्यावरण संस्था, एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, हीच कागदपत्रे मागते. जमीन या क्षेत्रात मोडते की नाही, हे सरकारी संकेतस्थळावरील नकाशावर पाहता येते.

यातील दोन मर्यादांची गल्लत होण्यासारखी आहे. पहिली संपूर्ण शेतासाठी असते: जनावरांच्या खतातून, चरताना पडणारे शेणही धरून, वर्षाला हेक्टरी सरासरी १७० किलोपेक्षा जास्त नत्र येता कामा नये. दुसरी प्रत्येक शेततुकड्यासाठी असते: कोणत्याही सलग १२ महिन्यांत टाकलेल्या सेंद्रिय खतातून हेक्टरी २५० किलोच्या वर नत्र जाऊ नये, यात चरणाऱ्या जनावरांचे शेण धरत नाहीत.

वर्षाला ६,००० ते ९,००० लिटर दूध देणारी गाय नियमांच्या कोष्टकानुसार १०१ किलो नत्र देते. अशा १०० गायींचे १०,१०० किलो होतात, म्हणजे वासरे आणि कालवडी न धरताही सुमारे ५९.४ हेक्टर जमीन लागते. जमीन त्याहून कमी असेल, तर जनावरे कमी करणे, जमीन वाढवणे किंवा खत दुसऱ्या शेतावर पाठवणे हेच मार्ग उरतात. खत पाठवल्यास तारीख, प्रमाण, त्यातील नत्र आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून ठेवावा लागतो.

स्लरीसाठी बंदीचा काळ माती आणि जमिनीच्या वापरानुसार बदलतो. वालुकामय किंवा उथळ मातीत कुरणावर १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर आणि नांगरटीच्या जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर अशी मनाई असते. इतर मातीत कुरणावर १५ ऑक्टोबरपासून आणि नांगरटीच्या जमिनीवर १ ऑक्टोबरपासून ३१ जानेवारीपर्यंत. बंदी संपल्यावरही फेब्रुवारीअखेरपर्यंत एका वेळी हेक्टरी ३० घनमीटरपेक्षा जास्त स्लरी टाकता येत नाही आणि दोन खेपांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. पाणी साचलेल्या, पूर आलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा मागील २४ तासांत १२ तासांपेक्षा जास्त वेळ गोठलेल्या जमिनीवर तर कोणत्याच महिन्यात परवानगी नाही. म्हणून साठवणुकीची टाकी पुरेशी मोठी हवी: गायींसाठी पाच महिन्यांची, डुकरे व कोंबड्यांसाठी सहा महिन्यांची. टाकीत पडणारे पावसाचे आणि धुण्याचे पाणीही या हिशेबात धरायचे असते, आणि ओल्या हिवाळ्याच्या त्या देशात ते थोडके नसते.

खत टाकण्यापूर्वी दोन कागद तयार असावे लागतात. एक म्हणजे पिकाची नत्राची गरज आणि मातीतून मिळणारे नत्र यांवर बेतलेले खतनियोजन. दुसरा धोक्याचा नकाशा: त्यात १२ अंशांहून अधिक उताराच्या जागा, ओढे-नद्यांपासूनची १० मीटरची पट्टी, झरे, विहिरी व कूपनलिकांभोवतीची ५० मीटरची जागा, वालुकामय किंवा उथळ माती आणि भूमिगत निचऱ्याचे पाइप दाखवायचे असतात, परिस्थिती बदलल्यास तीन महिन्यांच्या आत नकाशाही सुधारायचा असतो. स्लरी जमिनीलगत पट्ट्यांत सोडणारी यंत्रे वापरल्यास नदी-ओढ्यापासूनचे अंतर ६ मीटरपर्यंत कमी करता येते.

मागील वर्षी किती जनावरे होती आणि त्यांच्यापासून किती नत्र मिळाले, याची नोंद ३० एप्रिलपर्यंत पूर्ण करावी लागते आणि सर्व नोंदी पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

ज्या शेतात किमान ८० टक्के जमीन कुरणाची आहे, सेंद्रिय खतातील नत्र हेक्टरी १०० किलोंपर्यंत आणि रासायनिक खतातील ९० किलोंपर्यंत आहे, आणि बाहेरून सेंद्रिय खत आणले जात नाही, त्याला नियोजन व नोंदींच्या बऱ्याच भागातून सूट मिळते. परंतु बंदीचा काळ आणि पाण्यापासूनचे अंतर त्यालाही पाळावेच लागते.

प्रत्यक्ष कळवण्याची बाब एक आहे: नवी किंवा मोठी फेरबांधणी केलेली स्लरी टाकी वापरात आणण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला तशी लेखी सूचना द्यावी लागते.