इंजिन तासभर चालवलं की यॉटची बॅटरी फुल?

"इंजिन तासभर चालवा, बॅटऱ्या फुल" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय, आणि मीटरवर 14.4 व्होल्ट दिसले की तसं वाटणारच. पण तो आकडा चार्जिंगचा आहे, बॅटरीत किती भरलंय त्याचा नाही. लेड-ॲसिड बॅटरी साधारण 80 टक्क्यांपर्यंत करंट भराभर घेते, मग स्वतःच कमी कमी घेत जाते, अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कितीही मोठा लावा, उरलेल्या 20 टक्क्यांना कित्येक तास लागतात (लिथियमचं गणित वेगळं). म्हणून ते काम किनाऱ्यावरच्या वीजेला लावलेल्या चार्जरवर किंवा सोलरवर सोडलेलं बरं. चेक करायचंय? चार्जिंग आणि सगळा लोड बंद करून बॅटरी काही तास तशीच ठेवा, मग व्होल्टेज मोजा: 12.7 च्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी.