डागाखालचा हात

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आमच्या घरातली भांडी माळ्यावर गेली, गाद्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेल्या आणि फोटोंची पेटी तेवढी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. पाणी ओसरल्यावर उघडून पाहिलं तर अल्बमचा लगदा झालेला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. पाण्यानं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि वाळताना ज्याला टेकलेलं असेल त्याला घट्ट चिकटतं. घाईनं सोलायला जावं तर चेहरा प्लास्टिकवर निघून येतो. आमचे निम्मे फोटो असेच गेले.

वाचले त्यांत आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो होता. मागे स्टुडिओचा पडदा, खुर्चीत आजोबा, शेजारी नऊवारीत उभी आजी. आजोबांच्या डोक्यामागे पडद्यावर गाळाचा एक मोठा डाग आणि दुसरा डाग आजीच्या उजव्या हातावर. तो घेऊन मी एका फोटो स्टुडिओत गेलो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी चेहरे ‘कट’ करण्यात तिथल्या दादांचा हात बसलेला आहे. त्या दिवशी दोन-अडीच तास मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून होतो. फोटोतून एखादी वस्तू ‘काढणं’ म्हणजे नेमकं काय घडतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

आधी स्कॅन. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. कृष्णधवल फोटोत प्रत्येक ठिपक्याजागी एकच आकडा असतो: ० म्हणजे गडद काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. अमेरिकेत रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये छायाचित्र पहिल्यांदा संगणकात उतरवलं, ते होतं त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचं. लांबी-रुंदी १७६ ठिपके, एकूण ३०,९७६ आकडे. संगणकातला पहिला फोटोही घरातलाच होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. तेव्हापासून आजवर एक गोष्ट बदललेली नाही. फाइलमध्ये आजी नसते, पडदा नसतो, डागही नसतो. आकड्यांचा तक्ता असतो. यातले डागाचे आकडे कोणते, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. त्या ठरवण्यालाच सिलेक्शन म्हणतात.

दादांनी मॅजिक वाँड उचलली. ही जादूची कांडी १९९०च्या पहिल्या फोटोशॉपपासून आहे आणि तिच्यातली युक्ती पूर पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. डागावर एका ठिपक्यावर क्लिक केलं. समजा त्याचा आकडा १०४. कांडी त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहते. शेजारचा आकडा १०४च्या जवळपास असेल तर तोही आत घेते. मग त्याचे शेजारी, मग त्यांचे शेजारी. ‘जवळपास’ म्हणजे किती, ते टॉलरन्स ठरवतो. फोटोशॉपमध्ये तो मुळात ३२ असतो, म्हणजे ७२ ते १३६ पर्यंतचे सगळे आत. आकड्यांत मोठी उडी दिसली की पसरणं थांबतं. संगणकशास्त्रात या रीतीला चक्क ‘फ्लड फिल’ म्हणतात. घाटावरचं पाणी सखल बोळ शोधत शोधत पुढे सरकतं, उंच जोतं लागलं की थांबतं आणि जोत्याला एक फट मिळाली की घरात शिरतं, अगदी तसंच. पुराच्या डागाला पकडायला पुराचीच रीत.

फट मिळालीच. पडद्याची एक सुरकुती १३० च्या आसपास होती. तिथून सिलेक्शन आजोबांच्या टोपीत शिरलं आणि पाहता पाहता अर्धी टोपी मुंग्यांसारख्या धावत्या रेघेनं वेढली गेली. दादांनी टॉलरन्स १२ वर आणला. आता टोपी सुटली, पण डागाचे मधले मधले तुकडेही सुटले. एकच आकडा सगळीकडे बरोबर बसेल असं होत नाही. कारण गाळाचा करडा आणि पडद्याचा करडा यांत फरक करायला माणूस अर्थ वापरतो आणि कांडीकडे फक्त वजाबाकी आहे.

अशा वेळी कडेनं जाणारी हत्यारं कामाला येतात. १९९५ मध्ये एरिक मॉर्टेन्सन आणि विल्यम बॅरेट यांनी एक सुंदर कल्पना मांडली. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमधली सिलेक्शनची कात्री तिच्यावरच चालते. फोटो हा जणू रस्त्यांचा नकाशा समजायचा. जिथे उजेड-अंधार एकदम बदलतो, म्हणजे वस्तूची कड असते, तो रस्ता स्वस्त. सपाट भागातून जाणारा रस्ता महाग. तुम्ही कडेवर दोन खुणा करा, कात्री त्यांच्यामधली सर्वांत स्वस्त वाट शोधते आणि आपोआप कडेला चिकटून जाते. ही वाट शोधण्याची पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये छापली होती. सांगलीहून मिरजेला जवळचा रस्ता कोणता, असल्या प्रश्नांसाठीची पद्धत टोपीची कड कापायला वापरावी, हे ज्यांना सुचलं त्यांना दाद द्यायलाच हवी.

केसांपाशी मात्र सगळ्यांची परीक्षा असते. आजीच्या कानाजवळची एक सुटी बट ठिपक्याहूनही बारीक होती. तिथल्या एका ठिपक्यात ४० टक्के केस आणि ६० टक्के पडदा आहे असं धरा. केसाचा आकडा २०, पडद्याचा १५०. कॅमेऱ्याला दिसतं त्यांचं मिश्रण: ८ अधिक ९०, म्हणजे ९८. हाती फक्त ९८ येतो. केस किती गडद, पडदा किती उजळ आणि वाटा कुणाचा किती, हे तिन्ही ओळखायचे. समीकरण एक, अज्ञात तीन. रंगीत फोटोत समीकरणं तीन होतात, पण अज्ञात सात होतात. म्हणून सिनेमावाले मागे हिरवा पडदा लावतात: मागचा रंग आधीच माहीत असला की अज्ञातांची संख्या घटते. हा ‘वाटा’ प्रत्येक ठिपक्यासोबत साठवण्याची सोय म्हणजे अल्फा. त्याचं पद्धतशीर गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलं. चौकातल्या फ्लेक्सवर एखाद्याच्या केसांभोवती जुन्या भिंतीची पुसट किनार दिसते, ती या वाट्याचा हिशोब चुकल्यामुळेच.

सिलेक्शन झालं. दादांनी डिलीट दाबलं आणि पडद्यावर भोक पडलं. मी इतका वेळ मनात धरून होतो की डाग पुसला की खालचा पडदा दिसेल, भिंतीवरचं जळमट काढल्यावर भिंत दिसते तसा. पण एका ठिपक्यात एकच आकडा मावतो. गाळाचा आकडा आला तेव्हा पडद्याचा गेला. खाली काही उरलेलंच नाही.

मग भोकात येतं काय? शेजाऱ्यांकडून उसनं आणलेलं. पूर्वी क्लोन स्टॅम्पनं हे हातानं करायचे: इथला तुकडा उचल, तिथे डकव. २००९ मध्ये कॉनली बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पॅचमॅच’ ही रीत काढली आणि २०१०च्या फोटोशॉपमध्ये तिच्यावर बेतलेली भरणी आली. भोकाच्या जागी बसेल असा ठिपक्यांचा छोटा चौकोन उरलेल्या फोटोत शोधायचा. सगळे तपासत बसलं तर तासन्‌तास लागतील. म्हणून सुरुवातीला प्रत्येक चौकोनाला वाटेल तो जोडीदार देऊन टाकायचा. लाखोंमध्ये काहींचा नेम अचानक बरोबर लागतोच. मग शेजारचे त्याला विचारतात: तुला कुठे सापडलं? त्याच्या लगतच आपलंही असणार! अनोळखी पेठेत एकाला पत्ता माहीत असला की सगळी गल्ली तो सांगू लागते, तसं चार-पाच फेऱ्यांत बहुतेकांना चांगली जोडी मिळते. तरी आणलेला तुकडा थोडा उजळ किंवा काळपट असला की ठिगळ दिसतं. त्यावर २००३ पासून एक तोड आहे: तुकड्याचे आकडे न घेता शेजारच्या ठिपक्यांमधला चढउतार तेवढा घ्यायचा आणि तो भोकाच्या कडेला जुळवून बसवायचा. सुरकुती येते, तिच्यासोबत आलेली सावली मागे राहते.

आजोबांच्या मागचा पडदा असा भरला गेला की डाग कुठे होता ते मलाही सांगता येईना. तिथे अंदाज पुरेसा होता. पडद्याची एक सुरकुती इकडे काय, तिकडे काय.

मग दादा आजीच्या हाताकडे वळले. भरणीनं तिथे नऊवारीचं कापड आणून ठेवलं, हातच नाहीसा झाला. त्यांनी ते मागे घेतलं आणि एआयवालं नवं साधन लावलं. ते असंख्य फोटोंवर शिकलेलं असतं, त्यामुळे ‘अशा जागी सहसा काय असतं’ याचा अंदाज त्याला असतो. हात आला. पाच बोटं, नखं, बांगड्यासुद्धा. सुबक, गुळगुळीत हात.

“ह्यो हात त्यांचा न्हाई बरं का,” दादा म्हणाले. “हितं हातात काय हुतं, घरात कुणाला आठवतंय का?”

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, ताम्हण होतं. वडील म्हणाले, छे, रुमाल. आई फोटो काढताना रुमाल घट्ट धरायची. दोघांनाही खात्री होती.

दादांनी कंट्रोल-झेड दाबलं. हात गेला, डाग परत आला. फोटो तसाच छापून घेतला. आता तो पहिल्या मजल्यावर, २०१९च्या पाण्याच्या खुणेपेक्षा बराच उंच लावला आहे: मागे स्वच्छ पडदा, आजोबांची टोपी शाबूत आणि आजीच्या उजव्या हातावर गाळाचा डाग.