तिरक्या रेघेखालचा स्वर

गिटार हातात घेतली की महिन्या-दोन महिन्यात कुठल्यातरी गाण्यात डी/एफ शार्प असं काहीतरी समोर येतं आणि गाडी अडकते. मला तर वाटलेलं ऑप्शन दिलाय, दोन्हीतलं जे जमेल ते वाजवा! तसं नसतं. तिरक्या रेघेच्या आधी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि रेघेनंतर सगळ्यात खाली वाजणारा स्वर, एवढंच. सी/ई म्हणजे कॉर्ड सीचीच, सा-ग-प, फक्त बुडाशी सा ऐवजी ग.

आता स्वर तेच तर फरक का पडावा? तर कुठलीही तार एकच स्वर देत नाही, मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरही बारीक आवाजात निघत असतात, तानपुऱ्याच्या खर्जात न छेडलेला गंधार ऐकू येतो ना तो ह्यातलाच. खालचा सी साधारण ६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६५ कंपनं), त्याची तिप्पट १९६ म्हणजे जी, पाचपट ३२७ म्हणजे जवळपास ई. अख्खी सी कॉर्ड त्याच्या पोटातच आहे, म्हणून ती घट्ट बसते. खाली ई ठेवला (८२ हर्ट्झ) तर तिप्पट येते बी आणि पाचपट जी शार्प, आणि हे दोघं वरच्या सी आणि जीला अगदी चिकटून असल्याने घासतात. म्हणून सी/ई जरा अधांतरी वाटते, पुढे एफवर जावंसं वाटतं.

डी/एफ शार्पचं काम वेगळं. जी, डी, ई मायनर असं साधं वाजवलं तर खालचा स्वर ९८ हर्ट्झवरून १४७ वर उडी मारतो आणि धपकन ८२ वर येतो. मधल्या डीच्या खाली एफ शार्प घातला की ९८, ९२, ८२, जिना उतरल्यासारखं.

कधीकधी खालचा स्वर कॉर्डमधला नसतोच, जसं एफ/जी, आणि ते ऐकायला भारी लागतं.

सोबत बेस गिटारवाला असेल तर खालचं त्याच्यावर सोडा, आपण नुसती डी वाजवावी. एकटे असाल तर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेची दुसरी पट्टी म्हणजे फ्रेट, काहीजण अंगठा वरून आणून दाबतात, पण माझा काही पोचत नाही, म्हणून मी पहिल्या बोटाने ती दाबतो आणि पहिली तार सोडूनच देतो. पाचवी मोकळी तार चुकून वाजली तरी चालतं, तिचा स्वर ए, तो डीमध्ये आहेच.