बेंचवर बसवणं म्हणजे धीर धरणं नव्हे

दर एप्रिलला एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्ट, म्हणजे टीमनी राउंडमागून राउंड नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला की तेच रडगाणं. कुठल्यातरी टीमने नवीन क्वार्टरबॅक (पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू) घेतला रे घेतला की लोक सुरू, "घाई नको, वर्षभर बेंचवर बसवा, धीर धरा". अरे बाबांनो, बसवणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं, या दोन्हींची खिचडी बघून आता वैताग आलाय.

बसवण्याचं सगळ्यांना पाठ आहे. पुढे मोठे झालेले क्वार्टरबॅक बघा, रॉजर्स तीन वर्षं फाव्हरच्या मागे बेंचवर, लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागे, महोम्स एक वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे. पण तिन्ही ठिकाणी पुढे चांगला खेळणारा माणूस होता म्हणून पोरगा बसला, त्यात टीमच्या खिशातून काय गेलं? आणि हो, लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी खेळाडूंची रांग) अगदीच भिकार असेल तर बसवा खुशाल, 2002 ला ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला 76 वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आतच पाडलं होतं, तसं कुणाचंच होऊ नये.

धीराचा प्रश्न येतो तो पोरगा मैदानात उतरून वाईट खेळायला लागल्यावर. मॅच हरताय, स्टेडियममधे लोक शिव्या घालतायत, आणि तरी तुम्ही त्याला काढत नाही आणि त्याचा कोचही बदलत नाही. हा दुसरा भाग लोक कायम विसरतात.

2018 चा ड्राफ्ट बघा. जॉश अ‍ॅलन सातवा, बफेलोला. जॉश रोझेन दहावा, अ‍ॅरिझोनाला. दोघांनाही सप्टेंबरमधेच खेळवलं, नीट बसवलं कुणालाच नाही. अ‍ॅलनचे पहिल्या वर्षी 52.8 टक्के पास पूर्ण, 10 टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), 12 इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). रोझेनचे 11 आणि 14, म्हणजे फार फरक नाहीच. पण अ‍ॅरिझोनाने सीझनच्या मधेच कोऑर्डिनेटर (हल्ल्याची आखणी करणारा कोच) काढला, सीझन संपल्यावर हेड कोच काढला, आणि पुढच्या ड्राफ्टमधे पहिल्या नंबरवर कायलर मरे घेऊन रोझेनला मायामीला धाडलं. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. बफेलोने हेड कोच मॅकडरमॉट ठेवला, कोऑर्डिनेटर डेबॉल ठेवला, 2019 ला नवीन लाइन आणि पास पकडायला जॉन ब्राउन, कोल बीझली आणले. तरी जानेवारी 2020 मधे ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफला 16-0 पुढे असताना हरले, आणि त्यात शेवटी शेवटी अ‍ॅलनने अंगावर माणूस लोंबकळत असताना बॉल मागे आपल्याच टीमच्या नॉक्सकडे भिरकावला होता, बघताना डोक्याला हात लावला असेल सगळ्यांनी. दुसरी टीम असती तर तिथेच हात झटकले असते. यांनी मार्चमधे पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमधली निवड) मोजून पास पकडणारा स्टेफॉन डिग्ज आणला, कोऑर्डिनेटर तोच. त्या सीझनला अ‍ॅलनचे 69.2 टक्के, 37 टचडाउन. रोझेनचा अ‍ॅलन झाला असता असं मी म्हणत नाही, कदाचित नसताच झाला, पण अ‍ॅरिझोनाने ते कळायला वाव कुठे ठेवला?

(पुढे महान ठरलेल्या पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन टाकल्या होत्या. आज टाकल्या तर दिवाळीच्या आत बेंचवर.)

आणि बसवण्याने धीराला वेळ मिळतो हेही उलटंच आहे. पहिल्या राउंडवाल्याचा करार चार वर्षांचा, पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही हे टीमला तीन सीझननंतर ठरवावं लागतं, म्हणजे एक वर्ष बसवलं की त्यातला तिसरा हिस्सा गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रे लान्सचं तेच झालं. 2021 ला बहुतेक वेळ बेंचवर, 2022 ला दुसऱ्याच मॅचमधे घोटा मोडला, तेवढ्यात टीमचा दुसरा क्वार्टरबॅक पर्डी चमकला, आणि ऑगस्ट 2023 मधे डॅलसला रवानगी. सॅन फ्रान्सिस्कोसाठी एकूण चारच मॅच सुरुवातीपासून खेळला तो.

सगळ्यात डोकं फिरतं ते ब्राइस यंगच्या बाबतीत. 2023 चा पहिला पिक, कॅरोलायनाने त्याचा कोच 11 मॅचमधे काढला, 2024 ला नवीन कोचने दोन मॅचमधे त्यालाच बेंचवर टाकलं, आणि यालाही लोक "डेव्हलपमेंट" म्हणत होते. यंग परत खेळायला लागला कारण त्याच्या जागी खेळणाऱ्या डाल्टनच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा अंगठा दुखावला.