पिशवी चढवणं वेगळं, पेशी वाढवायचं इंजेक्शन वेगळं

बोन मॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट पुण्या-मुंबईत होतं, पण घरी आल्यावर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासण्या, मिरजेत नाहीतर सांगलीतच होतात. रिपोर्ट आला की घरचे हरखतात: "परवा प्लेटलेट ८ हजार होत्या, आज २२ हजार!" पण मधे प्लेटलेटची, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींची, एक पिशवी चढलेली असते. ही वाढ रक्तदात्याची, मॅरोची नव्हे.

चढवलेल्या प्लेटलेट जेमतेम दोन-चार दिवस टिकतात, ताप असेल तर त्याहून कमी. मॅरो कामाला लागेपर्यंत रक्तस्राव होऊ नये, एवढ्यासाठीच त्या असतात. सहसा काउंट १० हजारांखाली गेला की देतात.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तात काही तासच राहतात, म्हणून पिशवीतून पुरवणं सहसा जमत नाही. तिथं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन लागतं. त्यात पेशी नसतात. नव्यानं रुजणाऱ्या मॅरोला ते न्यूट्रोफिल बनवायला लावतं. त्यानं कंबर, मांड्या ठणकतात. प्लेटलेट मात्र वाढत नाहीत, त्यामुळे "इंजेक्शन चालू असून प्लेटलेट का हलत नाहीत?" ही काळजी सोडा. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही.

पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल ४८०. हा आकडा सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला की मॅरो रुजला असं धरतात. प्लेटलेटचा निकष कडक आहे: २० हजारांच्या वर, तेही सात दिवस पिशवी न चढवता. इंजेक्शन थांबल्यावर न्यूट्रोफिल एक-दोन दिवसांत निम्म्यावर येऊ शकतात. तेवढ्यानं मॅरो फसला असं होत नाही.

आपल्याकडे रक्त म्हटलं की भाऊ, चुलते, मेहुणे धावून येतात. ही माया मोठी आहे, पण ट्रान्सप्लांटनंतर रक्ताच्या नात्यातलं रक्त टाळायचं. त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात आणि नातं जवळचं तितका हा धोका जास्त. कुणाचीही पिशवी असो, ती रेडिएशन दिलेलीच हवी. रक्तपेढीला हे आधी सांगा. भावाला द्यायचंच असेल तर त्यानं इतरांसाठी द्यावं. आणि पपईच्या पानांचा कच्चा रस तर नकोच. न्यूट्रोफिल कमी असताना त्यातून जंतू पोटात जातात.

डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवताना खाली दोन तारखा लिहा: शेवटची पिशवी कधी चढवली आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं.