किडनीच्या धमनीत स्टेंट आहे? सीटी अँजिओला येण्याआधी एवढं वाचा

आमच्या सीटी सेंटरवर अपॉइंटमेंटसाठी फोन आला की आमचा पहिला प्रश्न असतो, "स्टेंट कुठला, मुतखड्यानंतरचा की रक्तवाहिनीतला?" मुतखड्याच्या ऑपरेशननंतर लघवीच्या वाटेत ठेवतात ती डीजे स्टेंट नावाची मऊ नळी काही आठवड्यांनी काढून टाकतात. हे पत्रक तिच्याबद्दल नाही. हे आहे किडनीला रक्त नेणाऱ्या धमनीत बसवलेल्या धातूच्या जाळीबद्दल. ती कायमची आतच राहते.

कधीकधी ही जाळी बसवल्यावर बीपी आटोक्यात येतं, पण काही महिन्यांनी पुन्हा चढू लागतं किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते) वाढतं. मग डॉक्टरांना शंका येते की स्टेंट आतून चोंदतोय का.

आता आमच्याच गल्ल्याविरुद्धची एक गोष्ट. स्टेंट आहे म्हणून दरवर्षी सीटी करायची गरज नसते. नेहमीच्या पाहणीला सोनोग्राफीवरचं डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) बहुतेक वेळा पुरतं. त्यात किरणं नाहीत, इंजेक्शनही नाही. मात्र या धमन्या पोटात खोल, मणक्यालगत असतात. पोट मोठं असेल किंवा गॅस धरला असेल, तर डॉपलरला त्या नीट सापडत नाहीत. एमआरआय बहुतेक स्टेंटना चालतो, पण धातूमुळे चित्रात नेमक्या त्याच जागी काळोख पडतो. अशा वेळी सीटी अँजिओ कामाला येते: शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन रक्त उजळवतो आणि सीटीवर रक्तवाहिन्यांची चित्रं काढतो.

चित्रात काय बघतो

किडनीच्या धमनीतला स्टेंट साधारण ५ ते ७ मिमी रुंद असतो, हृदयातला बहुधा ३ मिमीच्या आसपास. हा फरक फार मोलाचा. रात्री मोबाइलने रस्त्यावरच्या दिव्याचा फोटो काढला की दिवा फुगून दिसतो ना, तसा सीटीत धातू फुगून दिसतो. बारीक स्टेंटमध्ये या फुगवट्याखाली पोकळीच झाकली जाते. किडनीच्या स्टेंटमध्ये मधे बघायला जागा उरते. तरी ती आहे त्यापेक्षा अरुंदच भासते. म्हणून आम्ही चित्राचे जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचे काप (छेद) घेतो, धातूच्या कडा स्पष्ट करणारा वेगळा फिल्टर लावतो आणि मगच मोजमाप करतो.

आडव्या छेदात चांगला स्टेंट बांगडीसारखा दिसतो: कड लख्ख पांढरी, आत औषधाने उजळलेलं रक्त. आतून पेशींचा थर वाढला असेल तर बांगडीला आतल्या बाजूने करडी किनार येते, बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरावा तशी. हा थर वाढतो तो बहुधा पहिल्या वर्षभरात. स्टेंटचं टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर महाधमनीत (किडनीची धमनी जिच्यातून फुटते त्या मुख्य रक्तवाहिनीत) डोकावतंय असं रिपोर्टमध्ये वाचलंत तर घाबरू नका. धमनी तोंडाशीच अरुंद असेल तर डॉक्टर ते मुद्दामच तसं बसवतात. किडनीची लांबीही मोजतो. मोठ्या माणसात ती साधारण ९ ते १२ सेंमी असते, पण आम्हाला एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या मापाशी तुलना महत्त्वाची. म्हणून जुन्या तपासणीची सीडी आणा, नुसता कागद नको. स्टेंट बसवताना मिळालेलं कार्डही आणा.

अरुंदपणा मध्यम असेल तर त्याने रक्ताचा दाब खरोखर किती पडतोय, हे सीटी सांगू शकत नाही. त्यासाठी कधीकधी धमनीत बारीक नळी (कॅथेटर) घालून अँजिओग्राफी करावी लागते.

येताना

ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट हवाच. आयोडीनयुक्त औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे ईजीएफआर (किडनी किती गाळते ते दाखवणारा, क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा) ३० च्या खाली असेल तर आम्ही आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी अशा इंजेक्शनने पुरळ किंवा धाप आली असेल, किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तर आधीच सांगा.

तीन-चार तास जेवू नका, पाणी चालतं. 'उपाशी या' म्हटलं की बीपीची गोळीही न घेता येणारे आम्हाला नेहमी भेटतात. ती घोटभर पाण्यासोबत घ्याच. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर मनाने अजिबात बंद करू नका.

टेबलावर

कोपराच्या खोबणीत जरा जाड सुई लावतो, कारण औषध सेकंदाला ४-५ मिली या वेगाने जातं. घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब सरकते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते! त्याच क्षणी "श्वास रोखा" ऐकू येईल. दहाएक सेकंद हलू नका. सगळी मदार त्यावरच असते. पोटाच्या इतर सीटीत कधीकधी पाजतात ते पांढरं औषध इथे देत नाही, त्याने धमन्या झाकोळतात.

नंतर अर्धा तास बाहेर बसवून ठेवतो, सुई मग काढतो. घरी गेल्यावर भरपूर पाणी प्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच. अंगावर गांधी उठल्या तर आम्हाला फोन करा. श्वास लागला तर फोनची वाट न बघता थेट जवळचा दवाखाना गाठा आणि सीटीचं इंजेक्शन झालंय हे तिथे आधी सांगा.